तेराव्या होलवरचा सहावा फटका

"हलला!" कांचन ओरडली. "माझा बॉल हलला!"

तेराव्या होलच्या डाव्या अंगाला गुडघाभर वाळकं गवत होतं आणि त्यात ती उकिडवी बसली होती. बॉलला टेकलेली एक काडी तिने उचलली आणि बॉल पेरभर घरंगळला. पाहिलं कुणीच नव्हतं. मी वीस पावलांवर तिच्याकडे पाठ करून माझ्या पिशवीशी झटत होते. पंच पुढच्या जोडीबरोबर होते, आईबाप दोरीपलीकडे. तिने गुपचूप बॉल मारला असता तर गवतालासुद्धा कळलं नसतं.

"किती हलला?" मी विचारलं.

"एवढा." तिने बोटाचं टोक दाखवलं. "पन हलला. आता जागेवर ठेवते परत. एक पेनल्टी. माझ्या नावावर एक फटका वाढव गं!"

मला किळस आली. बॉल हलल्याची नव्हे, त्या आवाजाची. पाचपन्नास माणसं श्वास रोखून उभी असताना ही बाजारात मेथीची जुडी मागावी तशी ओरडत होती.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. नाव ऋजुता खांबेटे. ऋजुता म्हणजे सरळपणा; नाव बाबांनी ठेवलं होतं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारशी संधी मिळणार नाही.

पुण्याबाहेरच्या एका क्लबवर ज्युनिअर मुलींची गोल्फ स्पर्धा चालू होती, रोज अठरा होल. तीन दिवसांतला शेवटचा दिवस आणि शेवटची जोडी आमची. जिचे फटके सगळ्यांत कमी तिला राज्याच्या संघात जागा. जागा एकच. दुसरी येणारीने घरी जाऊन अभ्यास करायचा. आमच्या घरी त्या जागेचं नाव सहा महिने सकाळ-संध्याकाळ घेतलं जात होतं. बाबांनी ऑफिसात सांगून टाकलं होतं, आईने मावशीला, मावशीने सगळ्या सोसायटीला. आणि बाराव्या होलपर्यंत कांचन बोऱ्हाडे नावाची नारायणगावकडची एक मुलगी माझ्यापेक्षा तीन फटक्यांनी पुढे होती.

तिच्या वडिलांचा हायवेला वजनकाटा होता. उसाचे, वाळूचे ट्रक तोलायचे. काट्याशेजारी एका बिल्डरने बंगल्यांची योजना काढली, बंगले खपावेत म्हणून गोल्फ कोर्स काढला, आणि बंगले खपेनात तेव्हा तिथल्या शिक्षकाने रिकामपणी गावच्या पोरांना शिकवायला घेतलं. त्यातली ही एक. हे सगळं आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं, कारण तिच्या वडिलांनी, सगळे त्यांना भाऊ म्हणत, ते चहाच्या टेबलापाशी उभं राहून ओळख नसलेल्या सगळ्यांना सांगितलं. भाऊंचा आवाज पुलावरून नदीकाठी ऐकू जाईल असा. पांढरा सदरा, पायात कोल्हापुरी, हातात चार खणांचा डबा. "घ्या ओ ताई, भाकरी घ्या, लाजू नका," असं त्यांनी माझ्या आईला म्हटलं आणि आईने दोन बोटांनी नको म्हटलं.

"ट्रकची इंजिनं चालू असतात ना दिवसभर," कांचनने मला पहिल्या होलवर सांगितलं होतं. "हळू बोललं तर ऐकूच येत नाय. आमच्या घरात सगळ्यांना तीच सवय लागलीय."

"असं होय," मी म्हणाले होते.

आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. बाबा तर कधीच नाही. बाबा एका मोठ्या कंपनीत अधिकारी होते, क्लबची मेंबरशिप कंपनीने दिलेली, आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात गोल्फच्या नियमांचं छोटं पुस्तक असायचं. लोक देवाचा फोटो ठेवतात तसं. रात्री जेवताना ते मला त्यातले प्रश्न घालायचे. बॉल सशाच्या बिळात गेला तर? बॉलवर कावळा बसला तर? मी उत्तर बरोबर दिलं की ते हळूच म्हणायचे, "खेळ कुणालाही येतो. नियम यावे लागतात."

बाकीच्या पालकांबद्दल त्यांना अपार तुच्छता होती आणि खरं सांगायचं तर ती योग्यच होती. गोल्फ हा सभ्य लोकांचा खेळ आहे असं जे म्हणतात त्यांनी एकदा ज्युनिअर स्पर्धेला जावं. मुलांना खेळताना काहीही सल्ला द्यायचा नाही असा नियम आहे. म्हणून एक डॉक्टरीणबाई झाडामागे उभ्या राहून खोकायच्या. सहा वेळा खोकल्या की सहा नंबरची काठी घ्यायची, सात वेळा खोकल्या की सात नंबरची. एक वकीलसाहेब टोपी उजवीकडे वळवायचे, डावीकडे वळवायचे. कुणी कुणाची तक्रार करत नसे, कारण प्रत्येकाला आपापला खोकला होता. बाबा कधी खोकले नाहीत. टोपी तर ते घालतच नसत. त्या गर्दीत माझे बाबा एकटे हात मागे बांधून शांत उभे असायचे आणि मला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

तर तेराव्या होलवर कांचनने बॉल जागेवर ठेवला, मारला, होलभोवतीच्या हिरवळीवर, ग्रीनवर, पोचवला आणि दोनदा पटरने ढकलून होलमध्ये घातला. मारलेले फटके पाच. पेनल्टीचा एक. सहा. माझे पाच झाले होते.

इथे एक सांगायला हवं. गोल्फमध्ये आपले फटके आपण लिहीत नाही. जोडीला जी खेळते ती आपले लिहिते, आपण तिचे. म्हणजे कांचनचं कार्ड माझ्या खिशात होतं, माझं तिच्या. शेवटी दोघींनी टेबलापाशी बसून आपापलं कार्ड तपासायचं आणि सही करायची. सही केली की जे लिहिलंय ते तुमचं. जास्त लिहिलं गेलं असेल तर तेवढे फटके तुमच्या बोकांडी. कमी लिहिलं गेलं असेल तर तुम्ही स्पर्धेतूनच बाद. जिने लिहिलं तिला काही नाही. तिला कुणी विचारतसुद्धा नाही.

मी ग्रीनवरून उतरता उतरता खिशातून पेन्सिल काढली आणि तेराव्या रकान्यात पाच लिहिला. मुद्दाम नव्हे. फटके मोजायची सवय असते, हात आपोआप लिहितो. चौदाव्या होलपाशी दोरीजवळ बाबा पाण्याची बाटली घेऊन उभे होते. पाणी द्यायला बंदी नव्हती. मी बाटली घेतली, कार्ड त्यांच्या समोर आलं. त्यांनी पाहिलं. मग माझ्याही लक्षात आलं.

"अय्या," मी म्हणाले. "पेनल्टी राहिलीच." आणि पेन्सिलीच्या मागचं रबर कार्डाला लावलं.

"ऋजू," बाबा म्हणाले. इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं. "लिहिणं तुझं काम. तपासणं तिचं काम. नियम तेहतीस पानांवर छापलेला नाही, एकाच ओळीत आहे."

"पण बाबा, ती म्हणाली ना..."

"पाणी पी. थंड आहे."

बस, एवढंच. ते खोकले नाहीत. त्यांनी टोपी वळवली नाही. त्यांनी मला कुठली काठी घे, कुठे मार, काही म्हणून सांगितलं नाही. नियमाप्रमाणे तो सल्लादेखील नव्हता. मी पाणी प्यायले, पेन्सिल खिशात टाकली आणि चौदाव्यावर उत्तम फटका मारला. तो इतका सरळ गेला की दोरीपलीकडून टाळ्या पडल्या आणि सगळ्यांत मोठ्याने "वा रे पोरी!" असं ओरडले ते भाऊ बोऱ्हाडे. डॉक्टरीणबाईंनी नाक मुरडलं. मीही मुरडलं.

उरलेल्या होलवर मी एखाददुसरा फटका भरून काढला, परत घालवला. अठराव्यावर शेवटचा बॉल होलमध्ये पडला तेव्हा हिशेब सरळ होता. पेनल्टी धरून कांचन माझ्यापेक्षा दोन फटक्यांनी पुढे होती. ती जिंकली होती. तिने टोपी काढून माझ्याशी हात मिळवला. तिचा तळवा खरखरीत होता आणि हात मिळवताना तिने माझा हात झाडासारखा हलवला.

मग आम्ही टेबलापाशी गेलो, कार्डांवर सह्या केल्या आणि बाहेर आलो.

बाहेर भाऊंनी तिला उचलून घेतलं. चौदा वर्षांच्या घोडीला! ती "ओ भाऊ, सोडा ना" करत होती आणि ते सोडत नव्हते. फळ्यावर आकडे लागले. बाबांनी फळा पाहिला, चष्मा पुसला, खिशातून ते छोटं पुस्तक काढलं आणि पंचांच्या टेबलाकडे चालू लागले. घाई नाही, गडबड नाही.

मुख्य पंच होते कर्नल घारपुरे. फौजेतून निवृत्त झालेले, पण मिशीला अजून निवृत्ती मिळालेली नव्हती.

"माझी तक्रार नाही," बाबा म्हणाले. "फक्त एक शंका आहे. तेराव्या होलवर या मुलीचा बॉल हलला होता असं वाटतं. तेवढं कार्डावर आलंय का, पाहावं."

'वाटतं' म्हणाले. माझे बाबा.

कर्नलनी कार्ड काढलं आणि कांचनला बोलावलं. मीही मागोमाग गेले, भाऊही आले.

"तेराव्यावर पेनल्टी होती तुला?"

त्या क्षणी तिने नाही म्हटलं असतं तर विषय मिटला असता. एका सभ्य गृहस्थाला काहीतरी वाटलं, एवढ्यावर कुणाला बाद करत नाहीत. खोकणाऱ्यांतल्या प्रत्येकाच्या पोराने नाहीच म्हटलं असतं.

"होती की," कांचन म्हणाली. "काडी उचलताना हलला बॉल. सहा झाले माझे."

"इथे पाच लिहिलेत."

ती वाकून पाहायला लागली. "पाच? अगंबाई. सहा पायजेत."

"सही तुझी आहे?"

"हो. माझीच."

"कार्ड तपासलं नव्हतंस?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. "नाय तपासलं," ती म्हणाली.

कर्नलनी श्वास सोडला. त्यांना वाईट वाटलं असावं, मिशी थोडी खाली आली. "बेटा, मग माझा इलाज नाही. झाले त्यापेक्षा कमी फटक्यांच्या कार्डावर सही. तू बाद."

भाऊ आता आकांडतांडव करणार, टेबल उलटणार, अशी सगळ्यांची खात्री होती. वकीलसाहेब तर बघायला पुढेच सरकले. भाऊंनी टेबलाला हातसुद्धा लावला नाही.

"साहेब, एक इचारू? मला या खेळातलं काय कळत नाय," ते म्हणाले. "हे लिवलं कुनी?"

"जोडीच्या मुलीने. पण त्याचा संबंध नाही."

"कसा नाय? आमच्या काट्यावर पावती चुकली तर काटेवाल्याची गचांडी धरत्यात. गाडीवाल्याची नाय धरत. हे म्हंजी चोर सोडून संन्याशाला फाशी झाली." मग त्यांची नजर माझ्यावर गेली आणि ते एकदम वरमले. "तसं नाय गं पोरी. तुला नाय म्हनत. लिवताना चुकतंच मानसाचं. तू घाबरू नको."

मी घाबरले नव्हते. बाबांनी पुस्तक मिटून खिशात ठेवलं. "नियम आहे," ते हळूच म्हणाले. "आपण काय करणार?"

फळ्यावरचं कांचनचं नाव पुसलं गेलं आणि माझं वर गेलं. आईने मला मिठी मारली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शेवटी संस्कार दिसतातच." वकीलसाहेब म्हणाले की अशा लोकांना खेळ येतो, पण त्यामागची शिस्त येत नाही. बाबा कुणाला काही बोलले नाहीत, फक्त मान तुकवत राहिले. साळसूदपणा काय असतो ते मी त्या दिवशी अगदी जवळून पाहिलं. आरशाची गरज पडली नाही.

आता सह्या करताना टेबलापाशी काय झालं ते सांगते. मघाशी मी ते एका वाक्यात उरकलं. बाबांनाही मी ते तसंच सांगितलं होतं आणि ते गेले तोवर तसंच राहिलं.

आम्ही समोरासमोर बसलो होतो. कांचनने माझं कार्ड पुढे घेतलं आणि पहिल्या होलपासून बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागली. पहिला, चार. दुसरा, पाच. "असं वाचूनच दाखवायचं असतं," ती म्हणाली, "भाऊ प्रत्येक पावती वाचून दाखवतात. लोकांना घाई असती, वाचत नाय कुनी." मला कंटाळा आला होता. सातव्यावर ती थांबली.

"थांब. सही करू नको. सातव्यावर मी तुझे चार लिवलेत. पाच होते गं. तळ्याच्या काठी तुझा एक फुकट नाय का गेला? तो धरायचा राह्यला माझ्याकडून."

मला तो फटका आठवतही नव्हता. मी तशीच सही करून मोकळी झाले असते. चारावर सही केली असती तर बाद मी झाले असते, आणि ती जिंकलीच होती, तिला त्याचं काही सोयरसुतक असायचं कारण नव्हतं. तिने चार खोडून पाच केला, शेजारी आपली सही केली, माझ्याकडून करून घेतली. "बघ, वाचलं म्हणून सापडलं," ती म्हणाली आणि खूश झाली.

मग माझी पाळी आली. मी तिचं कार्ड तिच्याकडे सरकवलं.

"वाचतेस का?" तिने विचारलं.

"कशाला?" मी म्हणाले. "बरोबर आहे सगळं."

"तू तपासलंस ना?"

"हो."

बाहेरून भाऊ तिच्या नावाने हाका मारत होते. तिने पेन घेतलं. "कुठं करू सही?" मी बोट ठेवून जागा दाखवली. माझ्या बोटापासून तेरावा रकाना चार बोटं वर होता. पाच. स्वच्छ, गोल अक्षरात. माझं अक्षर शाळेत सगळ्यांत चांगलं होतं.

बक्षीस समारंभ झाला. मला एक चकचकीत कप मिळाला आणि राज्याच्या संघात ती एक जागा मिळाली. पुढे संघाबरोबर मी बंगलोरला गेले आणि एक्केचाळिसावी आले. त्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. पण त्या दुपारी गाडीत सामान ठेवताना कांचन आमच्याकडे आली. हातात पेढ्यांचा खोका होता.

"भाऊंनी सकाळीच आणले होते मंचरवरून," ती म्हणाली. "मी हरले तरी वाटनार होते. म्हटले, आता जी जिंकली तिला पयला दे."

आईने दोन बोटांनी एक उचलला. बाबांनी, "वा, वा, थँक यू बेटा," म्हणत घेतला. मी घेतला. ती तिथेच उभी राहिली. तिचे डोळे लाल होते, पण रडत नव्हती.

"ऋजुता," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता. "एक खरं सांग. तेराव्यावर मी तुला बोलले होते ना? एक वाढव म्हणून?"

गाडीच्या पलीकडे बाबा काचा पुसत होते. फडक्याचा आवाज थांबला.

"मला नाही आठवत," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःशीच मान हलवली.

"मंग मी मनातच बोलले असेन," ती म्हणाली. "चूक माझीच. मला उगाच वाटत होतं, तुझी झाली. तुझ्याबद्दल वाईट आलं माझ्या मनात. माफ कर हां."

आणि ती गेली. भाऊंनी लांबून हात हलवला. फडक्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

बोऱ्हाड्यांच्या घरात कुणी मनात बोलत नव्हतं. तेराव्या होलवरचं तिचं ओरडणं दोरीपलीकडे पन्नास पावलांवर बाबांना ऐकू गेलं होतं. मनात बोलायची रीत आमच्या घरची. मी तोंडातला पेढा गिळला, गाडीत बसले, आणि बाबांनी हळूच विचारलं, "काय म्हणत होती गं ती?"

"काही नाही," मी हळूच म्हणाले.